टेकडीचे गवत बांधावर



गवत म्हटले की आपण म्हणतो, "त्यात कसला अभ्यास? ते तर आपोआप उगवतं!" मीसुद्धा असेच म्हणत होते. पण मी गवताचे बी मुद्दाम पेरले तेव्हा ते उगवले नाही. दुसऱ्यांदा पेरले ते वाहून गेले. तिसऱ्यांदा पेरले त्यातले निम्मे उगवले आणि त्यातलेही काही मीच उपटून टाकले! या चुकांमधून जे शिकले ते या लेखात लिहीत आहे. आमच्या बाई म्हणाल्या, "चुका लपवू नकोस, त्याच आधी लिही. वाचणाऱ्याची मेहनत वाचेल."

हा विषय का घेतला?

२०२३ साली आपल्याकडे पाऊस फार कमी झाला. त्या वर्षी शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला पुरंदर तालुकाही होता. पुढचा उन्हाळा आपण सर्वांनी पाहिला आहे. विहिरीला पाणी नव्हते, कडबा विकत घ्यावा लागत होता आणि तोही परवडेना. आमची चंद्री गाय एप्रिलमध्ये विकावी लागली. गाडीत चढताना ती मागे वळून बघत होती. मी दोन दिवस नीट जेवले नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात, मी पुण्याला कोथरूडला माझ्या आजोळी गेले. आजी मूळची कोथरूडचीच. कोथरूड खेडे होते, शेते होती, तेव्हापासून ती तिथे आहे. आता तिच्या घराच्या चारी बाजूंना इमारती आहेत. पण म्हातोबाची टेकडी आणि पलीकडची वेताळ टेकडी अजून आहे. आम्ही सकाळी टेकडीकडे फिरायला गेलो. सगळीकडे वाळलेले सोनेरी गवत वाऱ्यावर हलत होते. मी चंद्रीची गोष्ट काढली, तशी आजी थांबली. म्हणाली, "आगं, ह्याच गवतावर आमच्या म्हशी जगल्या. ७२ च्या दुष्काळात सगळं करपलं, पर ह्याचे ठोंब जिते होते. पाऊस पडला की आठ दिसांत हिरवं! तुमच्या बांधाला हे का लावत न्हाई?"

तेव्हाच मी ठरवले की टेकडीचे गवत आपल्या बांधावर लावून बघायचे.

गवत ओळखायला शिका

आजीने मला तीन गवते दाखवली. तिन्ही आपल्या मातीतली आहेत. ती बहुवर्षायू आहेत, म्हणजे एकदा लागली की त्याच ठोंबातून दरवर्षी फुटतात. हरळीसारखी ती जमिनीवर पसरत नाहीत, झुबक्याने वाढतात.

१) पवन्या : हा उथळ, मुरमाड, डोंगरउताराच्या जमिनीत येतो. प्रत्येक काडीच्या टोकाला एकच तुरा असतो. जनावरे आवडीने खातात.

२) मारवेल : याच्या काडीच्या पेरांवर पांढऱ्या केसांचे कडे असते. तुऱ्याला हाताच्या बोटांसारखे फाटे असतात. याला जरा भारी, काळसर माती मानवते. चारा फार चांगला.

३) कुसळी : हिला तुम्ही सगळे ओळखता. पायमोज्यात नि धोतरात घुसते तीच! कोवळी असताना जनावरे खातात, पण कुसळे आली की ती तोंडाला टोचतात आणि मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात.

कुसळीची एक गंमत सांगते. तिचे कुसळ दोरीसारखे पिळलेले असते. ओले झाले की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत ते बी स्वतःला गिरमिटासारखे जमिनीत घुसवते. तळहातावर पाण्याचा थेंब घेऊन त्यावर कुसळ ठेवा, ते वळवळताना दिसेल. माझा लहान भाऊ ते बघून ओरडतच पळाला! हीच कुसळी लांब प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरही आहे. तिथे तिला 'पिली' म्हणतात आणि पूर्वी तिथले लोक तिने घरे शाकारत असत.

बाईंनी एक मोलाची माहिती दिली. दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी भारतभरच्या गवतांची पाहणी करून १९७३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मुख्य प्रकार पाडले. आपल्या दख्खनच्या पठारावर जो प्रकार आहे, त्याचे नावच पवन्या आणि मारवेल यांच्या शास्त्रीय नावांवरून दिले आहे. म्हणजे जे गवत आपण पायाखाली तुडवतो, ते आपल्या मुलखाची ओळख आहे.

बी गोळा करणे

टेकडीवरची बरीचशी जागा वनखात्याची आहे. मामा म्हणाला, "तिथनं काही तोडायचं नाही." म्हणून आम्ही पायथ्याशी एका ओळखीच्या गृहस्थांच्या मोकळ्या जागेत, त्यांना विचारून बी गोळा केले. पिकलेला तुरा हाताने हळूच ओढला की बी सुटून मुठीत येते. ओढावे लागले तर ते कच्चे समजावे. आम्ही सगळे तुरे काढले नाहीत. निम्म्याहून जास्त तिथेच राखले, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार?

घरी आल्यावर बी सावलीत वाळवले. दोन कापडी पिशव्या भरल्या. मला वाटले, आता दोन एकर गवत होईल! पण आजीने चिमूटभर बी बोटांत चोळून दाखवले. बरेचसे फोल होते. तेव्हा कळले की पवन्याच्या आणि मारवेलच्या तुऱ्यात दाणे जोडीने असतात. एक तुऱ्याला चिकटलेला, दुसरा छोट्या देठावर. चिकटलेल्यात बी भरते, देठावरच्यात बहुधा भरत नाही. म्हणजे मुळातच निम्मे बाजूला झाले!

पहिली चूक : घाई

मला दम निघेना. नोव्हेंबरातच मी गच्चीवर एका कुंडीत बी पेरले आणि रोज पाणी घातले. शिवाय मोजता यावे म्हणून भरलेले दाणे निवडून प्रत्येक गवताचे ५० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पंधरा दिवसांनी मामाने मोजले आणि फोनवर कळवले : मारवेलचे ४ उगवले, पवन्याचा १, कुसळीचे ० (शून्य). कुंडीतही तीच तऱ्हा.

मी रडकुंडीला आले. बाईंना म्हटलं, "बाई, बी मेलेलं आहे." बाई म्हणाल्या, "मेलेलं नाही, निजलेलं आहे."

मग त्यांनी समजावून सांगितले. हे बी पिकते पावसाळा संपल्यावर. समजा ते लगेच उगवले असते. दिवाळीत एखादी अवकाळी सर येते, जमीन ओली होते. बी फसून उगवले तर पुढे सात महिने पाऊस नाही. कोवळे रोप मरणारच. म्हणून निसर्गाने या बियांना झोप दिली आहे. काही महिने कोरड्यात राहिल्यावर ती हळूहळू मोडते आणि तोवर मृग येतो. याला सुप्तावस्था म्हणतात. ज्वारी, बाजरी हीसुद्धा गवतेच आहेत, पण त्यांचे बी माणसाने हजारो वर्षे निवडून निवडून पेरले, म्हणून ते पेरल्याबरोबर उगवते. टेकडीच्या गवताला अजून माणसाची सवय नाही. ते पावसाचेच ऐकते.

उरलेले बी आजीने कापडी पिशवीत घालून भिंतीच्या खुंटीला टांगून ठेवले. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमटपणा धरतो आणि बुरशी येते.

मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा कोथरूडला जाऊन तीच चाचणी घेतली. तेच बी, तेच गोणपाट, प्रत्येकी ५० दाणे. या वेळी मारवेलचे २६ उगवले, कुसळीचे २१, पवन्याचे १७. मी उड्या मारल्या!

दुसरी चूक : नुसते बी फेकणे

जूनमध्ये पेरायचे ठरले होते. पण २०२५ साली मोसमी पाऊस लवकर आला. २६ मे रोजीच तो पुण्यात पोचला. मी आदल्या संध्याकाळी गच्चीवर रंगाच्या चार रिकाम्या डब्यांत माती भरून वर बी भुरभुरले होते. रात्री धो धो पाऊस पडला. सकाळी डब्यांतले बी गायब! ते सगळे गच्चीच्या पन्हळीच्या तोंडाशी गाळात अडकले होते. गवताचे बी कुसळांमुळे फार हलके असते. वाऱ्याने उडते आणि पाण्यावर तरंगते. आजीने सुपाने तो गाळ गोळा केला आणि म्हणाली, "बघ, बियानंच तुला शिकवलं. त्याला माती पाहिजे, माती लाव." त्यावरून पुढची कृती सुचली.

पेरणीची रीत

साहित्य : सहा-सात महिने जुने बी, चाळलेली माती, कुजलेले शेणखत, थोडे पाणी, राख.

कृती :

१) तीन वाट्या माती, एक वाटी शेणखत आणि एक वाटी बी कालवा. पाणी इतकेच शिंपडा की गोळी वळेल, चिखल होणार नाही.

२) हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा आणि सावलीत वाळवा. अशा गोळ्या वाऱ्याने उडत नाहीत, वाहूनही जात नाहीत.

३) चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की दीड-दोन फुटांवर बारीक रेघा ओढा. त्यांत वीतभर अंतरावर गोळ्या ठेवा आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकीच माती लोटा.

४) कडेने राखेची रेघ ओढा. मुंग्यांना हे बी फार आवडते.

तिसरी चूक याच ठिकाणी झाली. आमच्या बांधावर दोन रेघा होत्या. एक मी पेरली, एक भावाने. त्याने हरभरा पेरतात तशा गोळ्या चार बोटे खोल पुरल्या. माझ्या रेघेत आठव्या दिवशी हिरवे दोरे दिसले. त्याच्या रेघेत महिन्याने दोनच रोपे होती. बी बारीक असते. त्याच्या पोटात शिदोरी थोडीच. एवढ्या खोलातून वर येईपर्यंत ती संपते.

आणि चौथी चूक? ती सांगायला लाज वाटते. जुलैमध्ये मी बांधावर खुरपत होते. कोवळेपणी सगळी गवते सारखीच दिसतात. तण समजून मी पवन्याची दहा-बारा रोपे उपटली! मुळाशी बियाचे टरफल लोंबताना दिसले तेव्हा हात थांबला. म्हणून सांगते, रेघेच्या बाहेर उगवेल तेच तण समजा.

निरीक्षण : मुळे आणि पाणी

उपटलेली रोपे फुकट घालवली नाहीत. धुऊन मोजली. रोप पाच आठवड्यांचे, पाने चार बोटे आणि मूळ एक वीत! वरून पाहणाऱ्याला वाटते, हे काही वाढत नाही. पण ते आधी खाली वाढते, मग वर. पहिल्या वर्षी या गवताला चरायला जनावर सोडू नये ते याचसाठी. मूळ धरायच्या आधी जनावराने हिसका दिला तर रोप मुळासकट येते.

एकदा ठोंब जमला की मग भीती नाही. गवताचा वाढीचा कोंब शेंड्याला नसतो, बुंध्याशी असतो. म्हणून वरची पाने गाईने खाल्ली किंवा विळ्याने कापली तरी खालून फुटवे येतात. कापताना चार-पाच बोटे बुडखा ठेवावा म्हणतात ते यासाठीच.

आता दुष्काळाची परीक्षा. कोथरूडच्या डब्यांतली रोपे ऑक्टोबरपर्यंत चांगली झुबक्यांची झाली होती. आजीला फोन करून सांगितले की पवन्याचा एक डबा पाऊस येणार नाही पण ऊन येईल अशा जागी ठेव आणि त्याला तीन आठवडे पाणी देऊ नकोस. आजी म्हणाली, "पोरी, जिवाला तहान लावायची म्हंजे पाप हाय." पण तिने ऐकले आणि रोज बघून कळवले. शेजारी मेथीचा डबा होता. तिचे पाणीही बंद केले. मेथीने चौथ्या दिवशीच माना टाकल्या आणि आठवड्यात गेली. पवन्याने दुसऱ्या आठवड्यात पाने सुरळीसारखी गुंडाळून घेतली. उन्हात पाण्याची वाफ कमी व्हावी म्हणून गवत असे करते. तिसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडली. मी दिवाळीत गेले तेव्हा डबा बघून वाटले, संपलं. तरी चार बोटे ठेवून वाळका पाला कापला आणि तांब्याभर पाणी घातले. पाचव्या दिवशी बुंध्यातून हिरवे टोक निघाले! आजीने आधी ते पाहिले आणि मला झोपेतून उठवले.

टेकडीला काय हवे?

त्याच सुट्टीत टेकडीवर मी एक गोष्ट बघितली. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प नावाचे झाड खूप लावलेले आहे. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिका या भागातले. ते लवकर वाढते, म्हणून लावले. पण त्याच्या दाट सावलीत मी पवन्या शोधला तर एकही ठोंब दिसला नाही. मोकळ्या उन्हात मात्र दाट गवत होते आणि त्यातून चंडोल पक्षी भुर्रकन उडाला. चंडोल जमिनीवरच, गवताच्या आडोशाला घरटे करतो.

लोक प्रेमाने झाडे लावतात, ते चुकीचे नाही. पण प्रत्येक मोकळी जागा 'ओसाड' नसते. जिथे गवताचे राज्य आहे तिथे ते उपटून खड्डे खणले, तर माती मोकळी होते आणि पावसात ओढ्याला जाते. उन्हाळ्यात वणवा लागला तर घरटी जळतात, खाली पडलेले बीही करपते. टेकडीवर जळती काडी टाकू नये हे लहानांपेक्षा मोठ्यांना सांगायला हवे.

उलटही होऊ शकते. आपल्याकडचे अंजन गवत फार चांगले. पण ते चाऱ्यासाठी अमेरिकेत नेले, आणि आता तिथल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात ते इतके माजले आहे की लोक सुट्टीच्या दिवशी जमून ते उपटतात. म्हणजे गवत चांगले की वाईट हे ते कुठे आहे त्यावर ठरते. आपल्या जागी आपले गवत शोभते.

अनुमान

१) टेकडीच्या गवताचे ताजे बी पेरू नये. सहा-सात महिने कोरडे ठेवावे.
२) फोल बी वेगळे काढावे आणि ५० दाण्यांची चाचणी घ्यावी.
३) मातीत कालवून, वरच्यावर पेरावे.
४) पहिले वर्ष जनावरांपासून राखावे.
५) ठोंब धरल्यावर हे गवत तहान सोसते, कारण त्याचा जीव जमिनीखाली आहे.

हिशेब

डिसेंबरात बी झडल्यावर आम्ही बांधावरचे गवत पहिल्यांदा कापले. एकूण ठोंब ४१. त्यांत मारवेल १८, पवन्या १४, कुसळी ९. गवत किती निघाले? एक पेंढी! एवढ्यात चंद्रीचा एका दिवसाचा चारासुद्धा झाला नसता. हे मी खरे तेच लिहिते, कारण कोणी फसू नये. एका बांधाने दुष्काळ हटत नाही.

मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हटलं, "एवढंच निघालं." दादा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी बघते तर त्यांनी झडलेले बी फडक्यात बांधून माळवदाच्या तुळईला टांगले होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ओढ्याकडचा बांध पण मोकळाच आहे. जूनला लक्षात ठेव."

पावसाळ्यात त्या ४१ ठोंबांच्या जागी बांधाची माती खचली नाही, एवढे मात्र मी स्वतः पाहिले. त्याच्या पुढे, जिथे काही नव्हते, तिथे दोन ठिकाणी भगदाड पडले.

करून पाहा

१) कुसळीचे कुसळ ओले करून किती वेळात उलगडते ते मोजा.
२) आपल्या शाळेमागच्या उतारावर मारवेल कुठे आहे ते शोधा. खूण आठवते ना? पेरावरचे पांढरे कडे!
३) घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : त्यांच्या लहानपणी बांधावर कोणती गवते होती? नावे वहीत लिहा. नावे गेली की गवत ओळखणारेही जातात.

पालकांना विनंती : पुढच्या पावसाळ्यात ज्यांना बांधावर गवत लावायचे असेल त्यांनी मुलांजवळ निरोप द्यावा. आमच्याकडे बी थोडे आहे, पण मूठमूठभर सर्वांना पुरेल. मात्र ते जूनपर्यंत निजू द्यावे!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी